'गेलगे आहे का तुझ्याजवळ?'

डब्लिनच्या बसवर पुढच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'अन लार' लिहिलेलं असतं. लेकीकडे राहायला गेले तेव्हा पहिले दोन दिवस मी ते नुसतं बघत होते. तिसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाली, "अन लार म्हणजे मध्य, आई. शहराच्या मध्याकडे जाणारी बस." चार वर्षं ती तिथे नोकरी करतेय. आयरिशमधले असे पाच-सहा शब्द तिला येतात, आणि तिच्या ऑफिसातल्या आयरिश लोकांनाही बोलताना तेवढेच सुचतात, असं ती म्हणाली. मला ते पटेना. शाळेत बारा-तेरा वर्षं सक्तीने शिकवलेली भाषा अशी जाते कुठे?

शब्द तर सगळीकडे होते. ट्रामचं नाव लुआस, म्हणजे वेग. पोलीस गार्डा, संसद डॉल, पंतप्रधान टीशख. हा शेवटचा शब्द आमच्या घरात जुना आहे. लिओ वराडकर २०१७ मध्ये टीशख झाले. त्यांचे वडील अशोक वराडकर हे मालवण तालुक्यातल्या वराडचे, आणि माझं माहेर तिथून फार लांब नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लिओ कुटुंबासह वराडला आले तेव्हा आमच्याकडे जो तो 'टीशख' म्हणून बघत होता. पण हा एका जित्याजागत्या भाषेतला शब्द आहे, त्या भाषेत कुणीतरी आजही कोंबड्या हाकलतं, नातवाला ओरडतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं. ते ऐकायला मिळावं म्हणून मी आठवड्याभराच्या एका वर्गात नाव घातलं आणि पश्चिमेकडची गाडी धरली.

डब्लिनहून ट्रेनने ट्रली, तिथून बस. दँगन द्वीपकल्पात बस शिरली आणि थोड्या वेळाने पाट्यांवरून इंग्रजी गेलं. बाकीच्या देशात वर तिरप्या अक्षरांत आयरिश आणि खाली इंग्रजी असतं. इथे एकच नाव. रस्त्यावर रंगवलेली 'हळू जा' ही सूचनासुद्धा आयरिशमध्ये. हा झाला गेलताख्त, म्हणजे जिथे आयरिश ही अजून घरची भाषा मानली जाते तो सरकारने आखून दिलेला मुलूख. या भागाचं नाव कोर्का घिने.

मुख्य गावाच्या नावावरून इथे मोठा वाद झाला होता. २००५ मध्ये सरकारी आदेश निघाला की यापुढे गावाचं अधिकृत नाव फक्त 'अन दँगन'. जगभरचे पर्यटक ज्या गावाला 'डिंगल' म्हणून ओळखतात त्या गावातल्या लोकांना ते चालेना. कुणीकुणी पाट्यांवर रंगाने 'डिंगल' लिहून टाकलं. २००६ मध्ये गावाने मतदान घेतलं, आणि दोन्ही नावं हवीत असा भरघोस कौल दिला: डिंगल आणि दँगन ई खूश. २०११ मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे मिटलं. मला यात गावाचं म्हणणं बरोबर वाटतं. स्वतःच्या गावाचं पूर्ण आयरिश नाव 'दँगन ई खूश' आहे, हे गावालाच सरकारला सांगावं लागलं, आणि लोकांनी ते मागून घेतलं. वरून आलेलं अर्धं नाव त्यांनी नाकारलं ते भाषेवरच्या रागाने नव्हे.

राहायला होते ते एका घरात. घरधनीणीला तिथे 'बान अन टी' म्हणतात, म्हणजे अक्षरशः घरची बाई, आणि हा मानाचा शब्द आहे. उन्हाळ्यात देशभरातली शाळकरी मुलं तीन-तीन आठवडे गेलताख्तमध्ये भाषा शिकायला येतात. ती राहतात या बायकांच्या घरी, त्यांच्या हातचं खातात, आणि नियम असा की इंग्रजी बोलायचं नाही. कितीतरी आयरिश माणसांच्या मनात या भाषेची एकमेव गोड आठवण असते ती त्या तीन आठवड्यांची. माझी बान अन टी सत्तरीची होती. पहिल्याच संध्याकाळी तिने चुलीवरून किटली उतरवताना विचारलं, "गेलगे आहे का तुझ्याजवळ?"

गेलगे म्हणजे आयरिश भाषा. मला वाक्य कळलं, कारण लेकीच्या फोनवरच्या ॲपने तेवढं शिकवलं होतं. तरी मी थांबले, कारण त्या भाषेत भाषा 'येत' नाही, ती 'जवळ असते'. आपण म्हणतो, मला मराठी येतं. ते म्हणतात, माझ्याजवळ गेलगे आहे, जशी एखादी वस्तू हाताशी असावी. 'हो' आणि 'नाही' असे सुटे शब्दही त्यांच्याकडे नाहीत. 'आहे का' विचारलं की 'आहे' किंवा 'नाहीये' म्हणायचं. मी म्हटलं, "ता ब्यगॉन अगम." थोडी आहे माझ्याजवळ. त्यानंतर तिने माझ्याशी इंग्रजीचा एक शब्द काढला नाही. मला निम्मं कळत नव्हतं, तर ती हाताने दाखवायची, वस्तू उचलून नाव सांगायची. आदरार्थी 'तुम्ही' त्या भाषेत नाही, सगळ्यांना 'तू'च, त्यामुळे ती बोलायला लागली की आमच्याकडच्या एखाद्या म्हाताऱ्या आतेसारखी वाटायची.

तिच्या स्वयंपाकघरात सकाळपासून रेडिओ चालू. राडिओ ना गेलताख्ता हे आयरिश रेडिओ केंद्र १९७२ मध्ये सुरू झालं. तेही सहजी मिळालं नाही. १९६९ मध्ये कॉनमारा या पश्चिमेकडच्या दुसऱ्या गेलताख्तमधल्या तरुणांनी गेलताख्तच्या नागरी हक्कांची चळवळ उभी केली, १९७० मध्ये विनापरवाना स्वतःचं केंद्र चालवून दाखवलं, तेव्हा सरकार हललं. टीव्ही वाहिनी यायला १९९६ उजाडलं. आजची टीजी फोर तीच. रेडिओवर हवामान, मासळी, गाणी आणि मग मृत्यूंच्या बातम्या लागतात. कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता. त्या वेळी बान अन टी हातातलं काम थांबवून उभी राहायची. एकदा नाव ऐकून तिने छातीवर क्रूस केला आणि मग कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पाच वर्षांचा नातू कोंबड्यांची अंडी मोजत होता. टोपलीतून एकेक काढून टेबलावर ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "अ हेन, अ दो, अ त्री, अ क्यहर, अ कूग..." मी चहा पीत होते. 'दो' आणि 'त्री' ऐकून कान टवकारले. तो पुढे गेला: "अ शे, अ श्याख्त, अ होख्त, अ नी, अ देह." देह म्हणजे दहा. आयरिश आणि मराठी एकाच मोठ्या भाषाकुळातल्या, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण अंड्यांच्या टोपलीपाशी ते असं समोर आलं आणि अंगावर काटा आला. मी त्याला आमचे आकडे म्हणून दाखवले: दोन, तीन, सात, आठ, नऊ, दहा. त्याला त्यात काही नवल वाटलं नाही. मी मोजण्यात चुकतेय असं समजून त्याने ती दहा अंडी माझ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून मोजली.

वर्गात आम्ही अकरा जण होतो. बेलफास्टचा एक पंचविशीतला मुलगा, एक अमेरिकन जोडपं, डब्लिनचे तीन शिक्षक आणि माझ्या शेजारी बसणारी, रुग्णालयातून निवृत्त झालेली एक परिचारिका, वय अडुसष्ट. पहिला धडा भूक आणि तहानेचा. त्या भाषेत भूक 'माझ्यावर असते': ता ओक्रस ओरम. दुःखही माझ्यावर असतं, आणि 'माफ करा' म्हणायलाही तेच वाक्य. इंग्रजीच्या सवयीने बाकीचे अडखळत होते. मला सोपं गेलं. आपल्यालाही भूक लागते, तहान लागते. माणूस स्वतः उठून भुकेला जात नाही, ती येऊन लागते.

वर्गाच्या भिंतीवर जुन्या लिपीतला एक तक्ता होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आयरिश स्वतःच्या वळणाच्या अक्षरांत छापायचे. व्यंजन मऊ झालं की त्याच्या डोक्यावर एक टिंब. मग टाइपरायटर आणि छपाईच्या सोयीसाठी रोमन अक्षरं घेतली, तेव्हा टिंबाच्या जागी शेजारी 'एच' आला. आयरिश शब्दांत एवढे 'एच' दिसतात ते म्हणून. आपल्याकडे मोडी जशी मागे पडली, तसंच ते. त्या तक्त्यावरचं टिंब बघितलं आणि मला सगळं लेखन एकदम कळायला लागलं.

शिक्षकांनी एक दुपार फक्त इतिहासाला दिली. एकोणिसाव्या शतकात मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा बांधत, त्याला म्हणत बाता स्कोर. मूल आयरिश बोललं की त्यावर एक खाच. दिवस संपला की खाचा मोजायच्या आणि तेवढे फटके. सगळ्यात वाईट म्हणजे खाच पाडण्यात आईबापही सामील असायचे, कारण इंग्रजी आलं तर मूल जगेल, अमेरिकेला जाईल. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली, आणि त्यात सगळ्यात जास्त भरडला गेला तो आयरिश बोलणारा गरीब पश्चिम किनारा. आईबापांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. माझ्या आईनेही मला शाळेत जाताना बजावलं होतं, "थंय मालवणी बोला नको." तिलाही माझं भलंच हवं होतं.

परिचारिकाबाई त्या दुपारी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी चालताना सांगू लागल्या. शाळेत एका तासाला त्यांना उभं करून वाक्य म्हणायला लावलं, त्या चुकल्या, आणि वर्ग हसेपर्यंत उभंच ठेवलं. त्यानंतर परीक्षेपुरतं लिहिलं, पण तोंड उघडलं नाही. "पन्नास वर्षं झाली. वाचते, कळतं. बोलायला गेले की घसा मिटतो." देशाच्या २०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७३ हजार ९९७ लोकांनी आपल्याला आयरिश येतं असं लिहिलं. शाळेबाहेर रोज बोलणारे ७१ हजार ९६८. डब्लिनमध्ये मला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि मला वाटतं, त्यात आळस कमी आणि हा मिटलेला घसा जास्त आहे.

बेलफास्टच्या मुलाचा घसा मात्र चांगला मोकळा होता. तो चुकांची पर्वा न करता धाडधाड बोलायचा. त्याच्या शहरात १९६९ मध्ये काही कुटुंबांनी शॉज रोडवर शेजारी-शेजारी घरं बांधली, मुलांना आयरिशमध्ये वाढवायचं म्हणून, आणि १९७१ मध्ये स्वतःची शाळा काढली. तिला सरकारी मदत मिळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. उत्तर आयर्लंडात आयरिशला कायद्याने मान्यता मिळाली ती २०२२ मध्ये. या मुलाच्या कानात दिवसभर नीकॅप, हा बेलफास्टचा आयरिशमध्ये रॅप करणारा त्रिकूट. २०२४ मध्ये त्यांच्यावरचा चित्रपट आला; त्याआधी २०२३ मध्ये 'अन कालिन क्यून' हा आयरिश भाषेतला पहिला चित्रपट ऑस्करच्या नामांकनात पोचला होता. त्याने मला रॅप ऐकवलं. शिव्याच फार, आणि ते संगीत माझ्या कानाचं नव्हे. पण शिव्या देता येण्याइतकी भाषा एखाद्या पोराजवळ असणं, याचं मोल मला त्या आठवड्यात कळलं. पूजेच्या खोलीत ठेवलेल्या भाषेत कुणी शिवी देत नाही.

गुरुवारी दून खीनला गेलो. समोर समुद्रात ब्लास्केट बेट. बोट त्या दिवशी वाऱ्यामुळे बंद होती, म्हणून काठावरच्या संग्रहालयात गेलो. एका लांब दालनाच्या टोकाला मोठी काच आहे, आणि काचेत फक्त ते बेट. एके काळी तिथे दीडशेच्या वर माणसं राहायची. वीज नाही, डॉक्टर नाही. १९४६-४७ च्या हिवाळ्यात एक तरुण मेंदूज्वराने गेला, आणि वादळामुळे मदत पोचू शकली नाही. त्याच वर्षी बेटावरून सरकारला तार गेली, वादळात अडकलोय, खायला काही नाही. अखेर १७ नोव्हेंबर १९५३ ला बेट रिकामं करायला घेतलं, तेव्हा तिथे २२ जण उरले होते.

एवढ्याशा बेटाने आयरिशला लेखक दिले. तोमास ओ क्रिहन हा कोळी. त्याचं आत्मचरित्र १९२९ मध्ये आलं. पेग सेयर्सला आयरिश लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि मुलगा उतरवून घ्यायचा. बहिणाबाई आणि सोपानदेव आठवल्याशिवाय राहिले नाहीत. फरक इतकाच की बहिणाबाई आपल्याला लाडक्या झाल्या, आणि पेग बिचारी सक्तीचं पाठ्यपुस्तक होऊन पिढ्यान्‌पिढ्यांची नावडती. परिचारिकाबाई त्या काचेपाशी बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "शाळेत कुणी सांगितलंच नाही की ही बाई बोलायला इतकी गोड होती."

परतताना बान अन टीने रात्री विचारलं, बेट कसं वाटलं. मग स्वतःच म्हणाली, ते बेट वादळाने रिकामं झालं, ही गावं घरांच्या किमतीने होतील. तिचा धाकटा मुलगा ट्रलीला भाड्याने राहतो. गावातली घरं सुट्टीपुरती येणाऱ्यांनी घेतली आहेत, हिवाळ्यात खिडक्या काळ्या असतात. नातू ट्रलीच्या शाळेत जातो, आणि तिथे मैदानावर सगळे इंग्रजी बोलतात. या एका गोष्टीवर बोलताना तिचा आवाज चढला. मग तिथली एक म्हण सांगितली: अर स्का अ हेले अ वारन ना दीने. माणसं एकमेकांच्या सावलीत जगतात.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही सगळे गावातल्या पबमध्ये जमलो. कोपऱ्यात दोघे जण फिडल वाजवत होते. कुणाला काय हवं ते बेलफास्टचा मुलगा आणायला निघाला, तर परिचारिकाबाई उठल्या. "माझं मी आणते." काउंटरपाशी जाऊन त्या क्षणभर थांबल्या. मी मागेच होते. "कुपॉन टे," त्या म्हणाल्या, आणि पुढे 'कृपया'चा जो लांबलचक वाक्प्रचार आहे तो मध्येच तुटला. पबवाल्याने मान वर केली आणि साध्या आवाजात आयरिशमध्ये विचारलं, दूध घालू का? त्यांनी 'घाला' म्हणायचं ते 'घातलं' म्हटलं. त्याने दूध घातलं, सुटे पैसे मोजून हातावर ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या कप दोन्ही हातांनी धरून टेबलापाशी आल्या. बशीत चहा सांडला होता. कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "ता ब्यगॉन अगम," आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.