कॅरिअर आवळल्याने गुणगुण थांबत नाही

छतावर कॅरिअर बसवलेल्या एसयूव्हीत वाऱ्याचा आवाज येऊ लागला की साताऱ्यात, आणि बहुधा सगळीकडेच, पहिला सल्ला मिळतो तो नट आवळून घेण्याचा. ‘साहेब, बार सैल झाला असेल, आवळून देतो,’ असे म्हणत मेस्त्री पाना हातात घेतात, बार, म्हणजे कॅरिअरची आडवी दांडी, हलवून पाहतात, तो तसूभरही हलत नाही, तरी अर्धा फेरा आवळतातच; आणि शेंद्रे मागे टाकून गाडी कराडच्या दिशेने ताशी ८० किलोमीटरवर पोहोचली की डोक्यावरची गुणगुण जशीच्या तशी सुरू होते. सैल भागाचा आवाज वेगळा असतो. तो खडखडतो, गतिरोधकावर आणि खड्ड्यात वाढतो, गाडी उभी असताना बार हाताने हलवला तरी ऐकू येतो. सपाट रस्त्यावर ठरावीक वेगाला एकाच सुरात येणारा आवाज मात्र बारच्या आकारातून निघतो.

गोल दांडीवरून वाहणारी हवा दांडीच्या मागच्या बाजूला चिकटून राहू शकत नाही. ती एकदा वरच्या आणि एकदा खालच्या कडेवरून सुटते, तिचे भोवरे बनतात, आणि हे भोवरे आळीपाळीने सुटत राहिल्यामुळे दांडीवर वर-खाली बदलता दाब पडतो. तोच आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. चेक भौतिकशास्त्रज्ञ विन्सेंत्स स्ट्रोउहल यांनी हवेतून फिरवलेल्या तारांच्या आवाजावरील आपले प्रयोग १८७८ मध्ये प्रसिद्ध केले. तार ताणली काय किंवा सैल सोडली काय, या सुराची पट्टी बदलत नाही, ती हवेच्या वेगावर आणि तारेच्या जाडीवर ठरते, असे त्यांना आढळले होते. आमच्या मेस्त्रींच्या पान्याला याहून जुना आणि नेमका आक्षेप सापडणे कठीण.

हिशेबही सोपा आहे. हवेचा वेग सेकंदाला किती मीटर ते घ्यावे, त्याला ०.२ ने गुणावे आणि दांडीच्या मीटरमधील व्यासाने भागावे. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. दांडी ३० मिलिमीटर जाडीची असेल तर उत्तर सुमारे १६७ हर्ट्‌झ येते, म्हणजे पेटीवर पुरुषांच्या सप्तकातील पांढरी तीनच्या आसपास. छताच्या पुढच्या कडेपाशी हवा गाडीपेक्षा अधिक वेगाने वाहत असल्याने प्रत्यक्षातला सूर थोडा वर चढतो. वेगाबरोबर आवाजाची पट्टी सरळ प्रमाणात वाढते, पण त्याचा जोर जवळजवळ वेगाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणून ८० वरून १०० वर जाताना ध्वनीची शक्ती सुमारे चौपट होते. यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना ज्या कॅरिअरची आठवणही होत नाही, तेच कॅरिअर महामार्गावर बोलणे अशक्य करते, ते यामुळेच.

एखाद्या ठरावीक वेगालाच गुणगुण एकदम मोठी होते आणि आणखी थोडा वेग वाढवला की विरते, असाही अनुभव अनेकांना येतो. त्या वेगाला भोवरे सुटण्याची गती दांडीच्या किंवा छताच्या पत्र्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळलेली असते. नट आवळल्याने फार तर हा वेग थोडा सरकतो, आणि मग आठवडाभर सगळ्यांना वाटत राहते की काम झाले.

बारीक, टोकदार शिट्टी येत असेल तर ती भोवऱ्यांच्या गुणगुणीपेक्षा निराळी, आणि ती बंद करणे माझ्या मते सर्वांत सोपे आहे. ॲल्युमिनियमच्या बहुतेक बारांना वरच्या बाजूला लांबलचक खाच असते, सायकलचे किंवा सामानाच्या पेटीचे बोल्ट तीत सरकवायचे असतात, आणि ती झाकण्यासाठी रबरी पट्टी दिलेली असते. आपल्याकडच्या उन्हात ही पट्टी दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन आक्रसते. टोकाशी बोटभर खाच उघडी पडते आणि पेनाच्या टोपणावर फुंकर मारल्यासारखी हवा तिच्यावरून शिट्टी घालत जाते. बारच्या दोन्ही टोकांची प्लास्टिकची बुचेही अशीच निसटतात. पावसाळ्यात महामार्गावर पश्चिमेचा वारा गाडीला बगलेतून लागतो, तेव्हा नेमके हे उघडे टोक वाजते. चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या शेजारी, तर उभ्या गाडीचाही बार वाजताना मी ऐकला आहे. शोधण्याची रीत अशी: काळ्या इन्सुलेशन टेपने एका वेळी एकच फट बंद करावी आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने एक चक्कर मारावी. शिट्टी जिथे थांबते तिथे नवी पट्टी किंवा नवे बूच बसवावे.

बार विकत घेतानाच थेंबाच्या आकाराचा घ्यावा, हा सल्ला योग्य आहे, पण तो उलटा बसवलेला मी वारंवार पाहतो. गोलसर, जाड बाजू पुढे आणि निमुळती बाजू मागे हवी. चौकोनी पाइप वेल्डिंग करून बनवलेले कॅरिअर स्वस्त आणि दणकट असते, मात्र त्याच्या कडांवरून हवा फाटते आणि आवाजाच्या बाबतीत त्याला उजवे म्हणता येत नाही. गोल पाइप आधीच बसवला असेल तर ३ मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी त्यावर विरळ, तिरक्या वेढ्यांनी गुंडाळावी. त्यामुळे भोवरे दांडीच्या संपूर्ण लांबीवर एकाच वेळी सुटत नाहीत आणि सूर मोडतो. उंच पोलादी धुराड्यांच्या वरच्या भागाला गुंडाळलेल्या पट्ट्या वाऱ्यातील कंपन याच तत्त्वाने रोखतात. दिसायला ते अगदी गावठी दिसते, हे मान्य. सामान बांधलेला सपाट पट्टा फडफडत असेल तर त्याला एक-दोन पीळ द्यावेत.

पुढच्या बारसमोर लावायच्या तिरक्या फळीबद्दल माझे मत फारसे उत्साही नाही: कायम सामान नेणाऱ्याला ती उपयोगी, एरवी तिचाही वाऱ्याला अडथळाच. ज्याला कॅरिअर वर्षातून मोजक्या वेळा लागते त्याने काम झाल्यावर ते उतरवून ठेवावे, कारण रिकाम्या बारांनाही वारा अडतो आणि त्याची किंमत इंधनात मोजावी लागते. पुन्हा चढवताना नट गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याइतकेच आवळावेत, थोडे अंतर चालवून पुन्हा तपासावेत आणि छतावरील वजनाची मर्यादा पाहताना कॅरिअरचे स्वतःचे वजनही त्यात धरावे.