रनटाइम एरर २०० गेला, आणि शून्य कुठेच नव्हतं

मंडळी, काल रात्री पावणेबाराला जुन्या डॉसवरच्या हिशेबाच्या पॅकेजचा मेनू उघडला. पेंटियम थ्रीवर, पूर्ण ४५० मेगाहर्ट्झला, प्रोसेसरची कॅश (जलद मेमरी) चालू ठेवून. तीन रविवार गेले यात, आणि मागच्या खेपेला शेअर (एकच फाइल अनेकांना वापरू देणारा डॉसचा प्रोग्रॅम) लावून दोन मशीनवर एकच खतावणी उघडून दाखवीन म्हणालो होतो, ते तसंच राहिलं.

माझ्या जुन्या ४८६ मशीनची बॅटरी गळून बोर्ड गेला, ते रडगाणं पुन्हा गात नाही. पॅकेज हलवायचं होतं एवढंच. पाच फ्लॉप्या, त्यातली तिसरी वाचेना. विकणाऱ्याने 'तपासलेल्या' असं लिहिलं होतं; बहुधा लेबलं तपासली असावीत. ग्रीझवीझल या फ्लॉपीवरचे कच्चे संकेत वाचणाऱ्या बोर्डाने तोच ट्रॅक पुन्हा पुन्हा फिरवून वाचला तेव्हा कुठे इमेज (फ्लॉपीची हुबेहूब प्रत) पूर्ण झाली. ज्यांनी अजून घेतलं नसेल त्यांनी घ्या, साध्या ड्राइव्हशी झटापट करण्यात अर्थ नाही.

इन्स्टॉलर निमूट चालला. रीडमी फाइलमध्ये 'ज्ञात मर्यादा' असा भाग आहे आणि तो मला फार आवडतो: कॉन्फिग डॉट सिसमध्ये फाइल्स किमान ४०, कन्व्हेन्शनल मेमरी ५६० केबी मोकळी, छपाई फक्त एलपीटी१वर, नेटवर्कवर शेअर आधी चढवा. प्रामाणिक माणसाने लिहिलेलं वाटतं. सगळं पाळलं, एंटर दाबला, आणि रनटाइम एरर २००. म्हणजे शून्याने भागाकार.

कारण आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे, तरी थोडक्यात. पॅकेज टर्बो पास्कलमध्ये लिहिलेलं आहे. त्याचं सीआरटी युनिट (पडदा आणि थांबे सांभाळणारा भाग) प्रोग्रॅम सुरू होताच घड्याळाच्या एका टिकटिकीत, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजतं आणि त्या आकड्याला ५५ने भागतं, म्हणजे दर मिलिसेकंदाच्या फेऱ्या मिळतात; थांबे त्यावरूनच मोजले जातात. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५च्या आत बसावं लागतं. प्रोसेसर वेगवान असला की बसत नाही. 'उत्तर मावत नाही' आणि 'शून्याने भागलं' या दोन्हींसाठी प्रोसेसर एकच इंटरप्ट (चालू काम थांबवणारा इशारा), शून्य क्रमांकाचा, देतो. शून्य कुठेच नाही, आरोप मात्र त्याच्यावर. टर्बो पास्कलची सातवी आवृत्ती १९९२ची. पुढे असा वेग येईल हे रीडमी लिहिणाऱ्याला कुठून सुचणार?

डॉसबॉक्समध्ये (डॉसच्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) सायकल्स, म्हणजे वेग, कमी केल्या की चालतं, हे मला सांगू नका. खऱ्या लोखंडावरच चालवायचं असा हट्ट आहे.

पहिला उपाय नेहमीचा: एक्झी फाइललाच पॅच. पॅचर म्हणाला, ओळखीचे बाइट सापडत नाहीत. बरोबरच आहे, फाइल पीकेलाइट या आकार कमी करणाऱ्या साधनाने दाबलेली. उलगडली, पॅच बसला, आणि प्रोग्रॅम स्वतःचाच आकार मोजून 'फाइल बदललेली आहे' म्हणत बाहेर पडला. व्यापारी सॉफ्टवेअर, कॉपी होण्याची धास्ती. ती तपासणी शोधून काढता आली असती, पण मूळ फाइलला हात न लावता जमवायचं असं मनाशी ठरवलं होतं.

दुसरा उपाय, बायोसमधून दोन्ही कॅश बंद. चालला! पण खिडक्यांच्या चौकटी डोळ्यांदेखत एकेक अक्षर करून उमटत होत्या, आणि तेरीज काढायला टाकून मी आंघोळ करून आलो तरी ती चालूच होती. याला चालणं म्हणायचं नसतं.

मग टीएसआर, म्हणजे मेमरीत बसून राहणारा छोटा प्रोग्रॅम. इंटरप्ट शून्यवर आपला हँडलर (इशारा आला की चालणारा कोड) बसवायचा, गडबड झाली की सावरून परत जायचं. डॉसच्या डीबग प्रोग्रॅममध्ये बसून लिहिला, चढवला, फरक शून्य. एक अख्खा रविवार यात गेला. शेवटी इंटरप्ट २१चे, म्हणजे डॉसकडे काम मागणारे, कॉल टिपून पाहिले तेव्हा ट्यूब पेटली: पास्कलचं रनटाइम सुरू होतानाच २५००एच कॉल करून शून्य क्रमांकावर स्वतःचा हँडलर बसवतं, आणि सीआरटीची मोजणी त्यानंतर होते. माझा हँडलर वेळ येण्याआधीच हाकलला जात होता.

म्हणून २१ही अडवला. २५००एच आला की पत्ता फक्त टिपून ठेवायचा, व्हेक्टर (हँडलरचा पत्ता ठेवायची जागा) आपल्याकडेच. पुन्हा चढवला, तर मशीन जागच्या जागी गोठलं. का? माझ्याकडचं जुनं पुस्तक ८०८८ प्रोसेसरचं. त्यात भागाकार फसला की परतीचा पत्ता पुढच्या सूचनेचा असतो. २८६पासून तो फसलेल्या सूचनेचाच असतो. मी परत जायचो, तोच भागाकार पुन्हा फसायचा, अनंतकाळ. खरं तर हे सोयीचंच निघालं: परतण्याआधी डीएक्समध्ये, म्हणजे भागायच्या आकड्याच्या वरच्या अर्ध्यात, ५४ टाकायचा. मग उत्तर ६४,३४४ ते ६५,५३५च्या मध्ये पडतं, म्हणजे हमखास मावतं. सीएक्समध्ये, म्हणजे भाजकाच्या जागी, ५५ नसेल तर खराखुरा दोष समजून टिपलेल्या पत्त्यावर उडी. सगळं मिळून शंभर बाइटही नाहीत. मेनू उघडला तेव्हा मी टेबलावर चक्क थाप मारली.

पुढे छपाई घेणार होतो. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. या पॅकेजला वर्षाचे दोनच आकडे कळतात, त्यामुळे '००'च्या नोंदी किर्दीत '९९'च्या आधी जाऊन बसतात. २१ अडवलेलाच आहे, तर तारीख सांगणाऱ्या २एएच कॉलच्या उत्तरात वर्ष २८ने कमी करून दिलं तर? अठ्ठावीस वर्षांनी वार आणि लीप वर्षं दोन्ही जुळतात, १९०१ ते २०९९पर्यंत तरी. प्रोग्रॅमला वाटेल आपण नव्वदच्या दशकातच आहोत, आणि डिस्कवरच्या फाइलींवर शिक्का मात्र आजचाच पडेल. छपाई थांबेल. आधी हे.

माझ्या टीएसआरच्या ज्ञात मर्यादाही सांगून टाकतो. ईएमएम३८६ (डॉसचा मेमरी सांभाळणारा प्रोग्रॅम) चढवून अजून पाहिलेलं नाही. प्रोग्रॅम बंद होताना रनटाइम जुना व्हेक्टर परत बसवायला जातं, तो म्हणजे माझाच; तेव्हा टिपलेला पत्ता माझ्याकडेच वळतो, आणि त्या अवस्थेत दुसऱ्या कोणी खरंच शून्याने भागलं तर मशीन लटकेल. हे दोन-चार बाइटांत सुटेल.

सुटणार नाही ती गोष्ट वेगळी. दर मिलिसेकंदाच्या फेऱ्यांचा आकडा ६५,५३५च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे प्रोग्रॅममधला प्रत्येक थांबा आखूड झालाय. 'कृपया थांबा' वाचायच्या आत नाहीसं होतं. जमा-नावे जुळले नाहीत की ४८६वर लांबलचक भोंगा वाजायचा, आता नुसतं 'टिक्' होतं. काल ते ऐकूच आलं नाही आणि एकच नोंद मी तीनदा टाकत बसलो.