फुकट गेममधून पैसा येतो कुठून?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पुण्यात जपानी शिकवत असल्यामुळे हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये येतो. पोरं विचारतात, "मॅडम, गेम तर फुकट डाउनलोड होतो, मग जपानमधल्या त्या कंपन्या एवढ्या मोठ्या होतात कशा?" त्यांच्या डोक्यात नोकरी असते. त्यांचे आईवडील हेच जरा वेगळ्या सुरात विचारतात. यात कुठेतरी फसवाफसवी असणार, अशी त्यांना शंका असते. दोघांनाही मी एकाच कंपनीची हकिकत सांगते. निन्टेन्डो आणि सोनीबद्दल सगळ्यांनीच ऐकलेलं असतं आणि त्या काही मोबाइलवर वाढलेल्या नाहीत. मी सांगते ती मिक्सीची.

मिक्सी मुळात गेम कंपनी नव्हतीच. केन्जी कासाहारा यांनी १९९७ मध्ये, तोक्यो विद्यापीठात शिकत असताना, संगणक क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींची 'फाइंड जॉब' ही वेबसाइट काढली. १९९९ मध्ये तिची रीतसर कंपनी झाली, नाव ई-मर्क्युरी. या कंपनीत बाटारा एटो नावाचा एक इंडोनेशियन तरुण प्रोग्रॅमर होता, जपानमध्ये शिकायला आलेला. लोकांना आपापल्या ओळखीच्यांशी जोडणारी साइट काढू या, ही कल्पना त्याची आणि ती पहिल्यांदा बांधलीही त्यानेच. ती २००४ मध्ये सुरू झालेली 'मिक्सी'. (जपानी कंपन्यांत बाहेरच्याला कोण विचारतं, असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना मी इथे मुद्दाम थांबवते.)

आपल्याकडे कॉलेजची पोरं सायबर कॅफेत बसून ऑर्कुटवर स्क्रॅप टाकत होती, त्याच काळात जपानी तरुण मिक्सीवर रोजनिशी लिहीत होते. आधीच्या सदस्याने निमंत्रण दिल्याशिवाय आत येता येत नसे. आणि तुमच्या पानावर कोण येऊन गेलं ते तुम्हाला दिसायचं, पावलांचे ठसे दिसावेत तसं. त्यामुळे एक अदृश्य दडपण असे: वाचून गेलास आणि दोन शब्दही लिहिले नाहीस? पण ओढही त्याचीच होती. कंपनीने २००६ मध्ये साइटचंच नाव घेतलं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचे शेअर तोक्योच्या 'मदर्स' या नव्या कंपन्यांसाठीच्या शेअर बाजारात आले आणि २०१० पर्यंत सदस्यसंख्या २ कोटींवर गेली.

मग उतरण लागली. ट्विटर आलं, फेसबुक आलं, २०११ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच लाइन हे निरोप पाठवायचं अ‍ॅप आलं, आणि हातातला फोन बदलला. मिक्सी वाढली ती घडीच्या जपानी फोनवर आणि कॉम्प्युटरवर. स्मार्टफोनवर ती उपरी वाटायला लागली. मधल्या काळात त्या पावलांच्या ठशांची सोय बदलली, तर जुने सदस्यच बिथरले. २०१३ मध्ये कासाहारा अध्यक्षपदावरून बाजूला झाले आणि तिशीतले युसुके असाकुरा आले. हा माणूस म्हणजे स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जॉकी व्हायचं म्हणून कोवळ्या वयात ऑस्ट्रेलियाला गेला, उंची वाढली म्हणून ते सुटलं, मग तोक्यो विद्यापीठात कायदा, मग मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत नोकरी. त्यांच्या वाट्याला आली ती बुडत चाललेली कंपनी. माणसं कमी करणं सुरू झालं होतं आणि तोट्याचे अंदाज जाहीर होत होते.

याच कंपनीत कोकी किमुरा नावाचे एक गृहस्थ होते. मोबाइलवरच्या छोट्यामोठ्या सेवांच्या धंद्यात काम केलेले, २००८ मध्ये मिक्सीत आलेले. तोवर मोबाइल गेम म्हटला की मान खाली घालून एकट्याने खेळायचा प्रकार, लोकल गाडीत वेळ काढायला. त्याच जपानमध्ये काही वर्षांपूर्वी मुलं पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं यंत्र, घेऊन एकमेकांच्या घरी जमायची आणि चौघं मिळून 'मॉन्स्टर हंटर' खेळायची. फोन तर आता प्रत्येकाच्याच खिशात आहे, मग ती मजा फोनवर का नको? किमुरांचा सगळा हिशेब एवढाच होता.

गेम घडवायला त्यांनी योशिकी ओकामोतो यांना गाठलं. कॅपकॉम या गेम कंपनीत 'स्ट्रीट फायटर २' च्या काळातले हे बडं नाव, पण तेव्हा त्यांचेही दिवस फिरले होते. कॅपकॉम सोडून काढलेला गेम रिपब्लिक हा त्यांचा स्टुडिओ चालला नव्हता आणि डोक्यावर कर्ज होतं. थोडक्यात, एक उतरणीला लागलेली कंपनी आणि एक कर्जबाजारी कारागीर. दोघांनी मिळून ऑक्टोबर २०१३ मध्ये 'मॉन्स्टर स्ट्राइक' बाजारात आणला.

खेळ आपल्या लोकांना समजवायला एक मिनिट लागत नाही, कारण आपल्या घरात कॅरम असतो. बोट ठेवून मागे ओढा, नेम धरा, सोडा. तुमचा राक्षस स्ट्रायकरसारखा सुटतो, भिंतींवर आपटतो, शत्रूंना ठोकरत जातो आणि वाटेत आपल्याच साथीदाराला लागला तर त्या साथीदाराचा हल्लाही आपोआप होतो. एकूण चार राक्षस आळीपाळीने मारायचे. एकटे असाल तर चारही तुमचे. चौघं शेजारी बसला असाल तर प्रत्येकाचा एकेक.

आता मूळ प्रश्नाकडे येते. अशा गेममध्ये प्रत्येक डावाला थोडी ऊर्जा खर्च होते. ती संपली की वाट पाहा, नाहीतर पैसे देऊन भरून घ्या. मिक्सीने काय केलं? चौघं एकत्र खेळत असतील तर ऊर्जा फक्त बोलावणाऱ्याची जाईल, पाहुण्यांची नाही. म्हणजे एकाची संपली की दुसऱ्याने यजमान व्हायचं आणि डाव चालूच. वरवर पाहिलं तर कंपनी स्वतःच्या हाताने उत्पन्न सोडून देत होती. पण यामुळे झालं असं की ज्याला खेळायचं असेल तो मित्रांच्या मागे लागू लागला: अरे, तूही घे ना, तुझं काय जातंय? जाहिरातीचं काम खेळणाऱ्यांनीच अंगावर घेतलं. शेजारी कोणी नसेल तर लाइनवर निमंत्रण पाठवायचं. नऊ वर्षांपूर्वी याच कंपनीने 'ओळखीच्याने बोलावल्याशिवाय आत यायचं नाही' या नियमावर साइट वाढवली होती. तेच सूत्र इथे उलट्या टोकाने वापरलं.

आणि पैसा? तो येतो गाचातून, म्हणजे खेळातल्या सोडतीतून. खेळात ओर्ब नावाचे मणी मिळतात, पाच मणी दिले की एकदा सोडत काढता येते आणि नशिबात असेल तो राक्षस मिळतो. मणी खेळूनही मिळतात, विकतही मिळतात. बहुतेक लोक एक येनही खर्च करत नाहीत, थोडे लोक थोडा करतात आणि अगदी मोजके लोक भरपूर. मग ते मोजके लोक का करतात? माझं मत असं की एकट्याच्या फोनमधला दुर्मीळ राक्षस कोणी पाहिला नाही तर त्याची किंमत शून्य. चौघांत बसलेलं असताना तो बाहेर काढला, बाकी तिघं ओरडले, अवघड डाव त्याच्यामुळे निघाला, तरच त्याला मोल. म्हणजे फुकट खेळणारे तिघं ही कंपनीची धर्मादाय खात्यातली नोंद नव्हे. पैसे देणारा ज्यासाठी पैसे देतो, तो प्रेक्षक आणि ती सोबत म्हणजे हे तिघं. हे एकदा कळलं की बाकी आकडे चमत्कार वाटत नाहीत.

आकडे मात्र डोळे विस्फारायला लावणारे आहेत. मार्च २०१४ ला संपलेल्या वर्षात मिक्सीची विक्री होती सुमारे १२ अब्ज येन. पुढच्या वर्षी सुमारे ११३ अब्ज. त्याच्या पुढच्या वर्षी २०८ अब्जांच्या वर, तेव्हाच्या दराने ११ हजार कोटी रुपयांच्या घरात. दोन वर्षांत सतरा पट आणि जवळजवळ सगळी वाढ एका गेमवर. असाकुरा २०१४ मध्येच पायउतार झाले होते. किमुरा २०१८ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले.

पालकांच्या शंकेबद्दल. सोडतीच्या या धंद्यावर जपानमध्ये वाद झालेला आहे आणि तो मॉन्स्टर स्ट्राइकच्या आधीचा आहे. ग्री आणि डीएनए या मोबाइल गेम कंपन्यांच्या भरभराटीच्या काळात 'कोम्पु गाचा' नावाचा प्रकार होता: सोडतीतून ठरावीक वस्तूंचा अख्खा संच जमवला की मोठं बक्षीस. संचातली शेवटची वस्तू काही केल्या निघत नाही आणि माणूस, त्यातही शाळकरी पोरगा, खर्च करत राहतो. २०१२ मध्ये जपान सरकारच्या ग्राहक व्यवहार संस्थेने हे बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं आणि जुलैपासून ते बंद झालं. साधी सोडत मात्र राहिली. तिला मी फसवणूक म्हणणार नाही, पण निरागसही म्हणणार नाही. लॉटरीचं तिकीट रंगीत असलं तरी लॉटरीचंच असतं.

मिक्सीच्या कहाणीचा मला सर्वांत बोलका वाटणारा भाग तिच्या अपयशांचा आहे. हाच गेम चीनमध्ये नेला, टेन्सेंटसारखी तिथली बडी कंपनी भागीदार होती, तरी टिकला नाही. अमेरिकेतली आवृत्ती २०१७ मध्ये बंद केली. मला वाटतं, राक्षस आणि मणी जहाजात घालून नेता येतात. शाळा सुटल्यावर स्टेशनजवळच्या बर्गरच्या दुकानात चौघांनी तासभर बसण्याची सवय नेता येत नाही. शिवाय तिकडे तोवर सोबत खेळायचं म्हणजे इंटरनेटवरून, अनोळखी माणसांबरोबर, असंच झालं होतं.

हातात अचानक पैसा आलेली कंपनी काय काय करते, तेही यात पाहायला मिळतं. २०१५ मध्ये तिने तिकिटांच्या पुनर्विक्रीची सेवा चालवणारी एक कंपनी ११.५ अब्ज येनना विकत घेतली. ते प्रकरण पोलीस तपासापर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये सेवाच गुंडाळावी लागली. तोवर गेमही ओसरू लागला होता. मार्च २०२० ला संपलेल्या वर्षात विक्री पुन्हा ११२ अब्जांवर आली. पुढे चिबा जेट्स हा बास्केटबॉल संघ, मग एफसी तोक्यो हा फुटबॉल क्लब आणि सायकल शर्यतींवर मित्रांसोबत पैसे लावायचं 'टिपस्टार' हे अ‍ॅप. २०२५ मध्ये तर ऑस्ट्रेलियातल्या पॉइंट्सबेट या सट्टा कंपनीचा बहुतांश हिस्सा घेतला. गाचापासून सट्टा फार लांब नाही, हे खरं. मला ते आवडलेलं नाही, हेही खरं.

त्याच घरातलं दुसरं अपत्य मात्र मला आवडतं. अध्यक्षपद सोडलेले कासाहारा स्वस्थ बसले नाहीत. स्वतःला मुलगी झाल्यावर त्यांनी २०१५ मध्ये 'मितेने' काढलं, बाळाचे फोटो आजीआजोबांना आणि घरच्यांनाच दिसतील असं अ‍ॅप. जपानबाहेर ते 'फॅमिली अल्बम' नावाने मिळतं. यात राक्षस नाहीत, सोडत नाही आणि एवढी अफाट कमाईही नाही. पण मोजक्या ओळखीच्यांचं कोंडाळं, हा धागा २००४ पासून तोच आहे.

नोकरीसाठी विचारणाऱ्यांना एवढंच सांगते की गेम कंपनीत जपानी भाषेच्या जोरावर थेट शिरता येईल, या भ्रमात राहू नका. प्रोग्रॅमिंग, चित्रकला किंवा हिशेबाची आकडेमोड यांपैकी एक तरी हातात पक्कं हवं. गेम कंपन्यांत रोज कोण किती वेळ खेळलं आणि कुठे सोडून गेलं याच्या आकड्यांकडे डोळे लावून बसलेली माणसं चित्रं काढणाऱ्यांइतकीच लागतात. आणि पालकांना सांगते, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, आणि तो मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नका.