वाळलेल्या माक्याचं तेल: पाक कधी झाला हे कसं ओळखायचं

घरी केलेल्या माक्याच्या तेलाला महिन्याभरात आंबूस वास यायला लागला, तळाशी बुळबुळीत गाळ दिसला, तर दोष बहुतेक वेळा माक्याचा नसतो. तेलात पाणी राहिलेलं असतं. उलट तेल काळं पडून करपट वास मारत असेल, तर पाणी संपल्यावरही गॅस चालूच राहिला होता. या दोन्हींच्या मधली वेळ साधणं हेच खरं काम.

ताजा माका पावसाळ्यात बांधावर, भातखाचरांच्या कडेला मिळतो, तेव्हा त्याचा रसच वापरावा. एरवी काष्ठौषधींच्या दुकानातला वाळलेला माका घ्यायचा. पांढऱ्या बारीक फुलांचाच हवा. पिवळ्या फुलांचं झाड वेगळं. पंचांग, म्हणजे मुळासकट अख्खं वाळलेलं झाड मागा, तयार पूड नको, कारण पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही. खोडावरून बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. बुरशीचा वास आला तर माल परत करा.

स्नेहपाकाचं, म्हणजे औषधी तेल-तूप शिजवण्याचं, नेहमीचं प्रमाण असं: कल्क (वनस्पतीचा वाटलेला गोळा) एक भाग, तेल चार भाग, द्रव सोळा भाग. म्हणजे पाव लिटर तिळाच्या तेलाला साधारण 60 ग्रॅम माक्याचा कल्क आणि एक लिटर काढा. त्या काढ्यासाठी अर्धा किलो माका भरड कुटून चार लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी झाकण न ठेवता मध्यम आचेवर उकळून एक लिटरवर आणा आणि पिळून गाळा. चोथा बरंच पाणी धरून ठेवतो, म्हणून पिळताना कंटाळा करू नका. काढा त्याच दिवशी वापरायचा, दुसऱ्या दिवशी तो आंबतो. कल्कासाठी माका वस्त्रगाळ करून थोड्या पाण्यात चटणीसारखा वाटून घ्या.

भांडं जाड बुडाचं आणि मिश्रणाच्या निदान तिप्पट मोठं घ्या. तेल फसफसून वर येतं आणि उतू गेलेलं तेल थेट ज्योतीवर पडतं. लोखंडी कढईत तेलाला छान काळा रंग येतो म्हणून ती अनेकांना आवडते. पण लोखंडाच्या संपर्कात तेल लवकर खवट होतं, त्यामुळे मी स्टीलचंच पातेलं सुचवेन.

तेल, कल्क, काढा एकत्र करून मंद आचेवर ठेवा. अडीच-तीन तास सहज जातात. सुरुवातीला मोठे, आवाज करणारे बुडबुडे येतात. पाणी आहे तोवर मिश्रणाचं तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं, म्हणून कल्क करपत नाही. फक्त तळाशी बसू नये म्हणून ढवळत राहायचं. पाणी संपलं की मात्र तापमान भराभर चढतं. शेवटच्या अर्ध्या तासात शेगडीसमोरून हलायचं नाही, फोन आला तरी.

आता उलथन्याच्या टोकावर थोडा कल्क घ्या, जरा निवू द्या आणि दोन बोटांत वळा. बोटांना चिकटला, लिबलिबीत राहिला तर पाक कच्चा. न चिकटता त्याची वात वळली गेली तर मध्यम पाक, तिथेच थांबा. वळताना भुगा झाला तर खरपाक. अंगाला चोळायच्या तेलाला तोही चालतो, पण त्यापुढे तेल जळलंच म्हणून समजा. मग ती वळलेली वात चिमट्याने ज्योतीवर धरा. तडतडली तर पाणी बाकी आहे. शांतपणे जळली तर झालं. त्याच सुमारास तेलावर बारीक, दाट फेस चढतो. तुपाचा पाक करताना उलट असतं, तिथे फेस बसतो, त्यामुळे तुपाची सवय असलेला माणूस इथे फसतो.

गॅस बंद केल्यावरही गरम बुडामुळे पाक पुढे जातो, म्हणून पातेलं लगेच खाली उतरवा. तेल कोमट झालं की सुती फडक्यातून पिळून गाळा, एक दिवस निवळू द्या आणि वरचं तेवढं ओता. तळाचा गढूळ भाग बाटलीत घालू नका. बाटली काचेची, गडद रंगाची आणि आतून पूर्ण कोरडी असावी. नुसती पुसलेली चालत नाही, उन्हात वाळवलेली हवी.

खोबरेल तेल वापरलंत तरी प्रमाण हेच, फक्त थंडीत ते थिजतं. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. हे तेल बाहेरून लावण्यापुरतंच आहे, पोटात घेण्यासाठी नाही. टकलावर केस उगवतील असं वचन मी देणार नाही. डोक्याला मालिश करायला मात्र हे उत्तम तेल आहे.