आमची वाटचाल: माऊसच्या क्लिकवर उभी राहिलेली कंपनी

खोलीच्या आराखड्यावर टेबल-खुर्च्या माऊसने ओढून मांडायच्या, हे आमचं पहिलं सॉफ्टवेअर. सगळी मदार माऊसवर, आणि ब्राउझरांचं त्याबाबत एकमत नव्हतं. बटण दाबलं की ब्राउझर प्रोग्रामला एक आकडा कळवतो, तोच प्रत्येकाचा वेगळा. इंटरनेट एक्सप्लोरर 8 पर्यंत डाव्या बटणाचा आकडा 1 आणि मधल्याचा 4. फायरफॉक्समध्ये डाव्याचा 0, मधल्याचा 1. त्यामुळे 1 आला, तर दाबलं कोणतं हे ब्राउझर पाहिल्याशिवाय कळत नसे.

2006 साली आलेल्या जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीने, म्हणजे तयार कोडच्या संग्रहाने, हा घोळ मिटवला. डावं 1, मधलं 2, उजवं 3, ब्राउझर कुठलाही असो. आमच्यासारख्या मोजक्या माणसांच्या कंपनीला ग्राहकाच्या कामाकडे बघायला वेळ मिळाला तो त्यामुळेच.

मला सगळ्यात मोलाचा वाटला तो माऊसएंटर, म्हणजे कर्सर एखाद्या घटकात शिरल्याची सूचना. आमच्या टेबलाच्या चौकोनात त्याचं नाव लिहिलेलं असे. कर्सर चौकोनावरून त्या नावावर सरकला, की माऊसआऊट (कर्सर बाहेर गेला) यायचा, लगेच माऊसओव्हर (कर्सर वर आला), आणि टेबलाची निळी कडा फडफडायची. जेक्वेरी आधी तपासायची, की कर्सर गेला तो घटक टेबलाच्या आतलाच आहे का. आतला असेल तर गप्प राहायची. कडा स्थिर! ग्राहकाला यातलं काही दिसत नाही, पण सॉफ्टवेअर ‘हाताला बरं लागतं’ ते अशा गोष्टींमुळे.

माऊसच्या चाकाचं मात्र आम्हालाच बघावं लागलं. खाली फिरवलं की जुन्या फायरफॉक्समध्ये अधिक 3, इतरत्र बहुधा उणे 120, चिन्हसुद्धा उलटं. झूमसाठी त्याचं छोटं फंक्शन आम्ही घरीच लिहिलं.

2013 मध्ये जेक्वेरी 2.0 ने एक्सप्लोरर 6, 7, 8 ची साथ सोडली. आमचे बरेच ग्राहक जुन्या मशीनवर होते, म्हणून आम्ही जुन्या 1.x आवृत्त्यांवरच थांबलो. तो निर्णय मला आजही पटतो.

पुढे टॅबलेट आले, बोटाने ओढणं आलं. पॉइंटर इव्हेंट्स (दाबणं, ओढणं कळवणाऱ्या ब्राउझरच्या सूचना) 2015 ला प्रमाण ठरले, सफारीत 2019 ला आले आणि मग आम्ही ओढण्याचा सगळा कोड नव्याने लिहिला. माऊस, बोट, पेन, सगळ्यांना दाबल्याची एकच सूचना, पॉइंटरडाऊन. सेटपॉइंटरकॅप्चर (पुढच्या हालचाली त्याच घटकाकडे पाठवणारी सोय) लावलं, की हात कितीही भरभर हलला तरी टेबल सुटत नाही. नव्या आवृत्तीत जेक्वेरी नाही. सध्या पेनच्या दाबावरून भिंतीची रेघ जाड-बारीक करण्याचं काम चालू आहे.