‘हजेरी’ : चौथ्या थरापर्यंतची नोंद

३६ बाय ४८ इंचांच्या उभ्या कॅनव्हासवरील ‘हजेरी’चा चौथा थर वाळला असून चित्र निम्म्यावर आले आहे, असे म्हणायला हरकत नाही. विषय गुन्हेगार जमाती कायद्याचा आहे. १८७१ साली आलेल्या या ब्रिटिश कायद्याने काही जमातींना सरसकट गुन्हेगार ठरवून माणसाच्या कृत्याऐवजी त्याच्या जन्मावरच शिक्का मारला. पुढे १९११ च्या कायद्याने नोंदणी झालेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही सरकारला दिला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींना डांबून ठेवण्यासाठीच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड राहणाऱ्या कुटुंबांची हजेरी घेतली जात असे. ठसा ही खरे तर एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्याची खूण. इथे मात्र ‘सगळे सारखेच’ असे आधी ठरवून मग ती घेतली जात होती. हा विरोधाभास एकही मानवाकृती न काढता, निव्वळ पोत आणि पुनरावृत्ती यांतून उतरतो का, हे मला पाहायचे आहे.

दीड इंचाचे ७६८ चौकोन आखून प्रत्येकात माझ्याच अंगठ्याचा ठसा घ्यायचे ठरवले होते. ॲक्रिलिक थेट अंगठ्याला फासल्यावर रेषांमधल्या खाचा भरून नुसते गोळे उठले. मग जेसो (कॅनव्हासवरचा पांढरा अस्तर-थर) बारीक पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केला, रंगात तो उशिरा वाळावा म्हणून रिटार्डर मिसळून तो काचेवर रोलरने पातळ पसरवला आणि त्यावर अंगठा टेकवला, तेव्हा कुठे रेषा स्वच्छ उमटल्या. आधीचा निळसर काळा रंग मतदानाच्या शाईची आठवण करून देत होता, म्हणून बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगावर आलो.

साधारण दोनशे ठशांनंतर एक गोष्ट ध्यानात आली : मी ठसा पाहणे कधीच सोडले होते आणि फक्त चौकोन मोजत होतो. त्यानंतरचे तिरके, अर्धवट, फराटलेले ठसे मी मुद्दाम दुरुस्त केलेले नाहीत.

चौथा थर टायटॅनियम व्हाइटचा आहे. कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे त्याच्या जागी उभे राहिले आणि संशय तसाच राहिला. त्यामुळे पांढऱ्याखालून ठसे दिसत राहणे आवश्यक होते. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने थर चढवत आणि उतरवत, ती पद्धत मी उचलली आहे, मात्र त्यांच्या चित्रांतली शांतता मला इथे नको आहे. खरी काटेरी तार चिकटवण्याचा मोहही आवरला, कारण त्याने चित्राचे पोस्टर झाले असते.

अडचण शेवटच्या ओळीची आहे. मुलांना आईवडिलांपासून वेगळे ठेवण्याची तरतूदही या कायद्यात होती, म्हणून तिथे करंगळीचे ठसे घेऊन पाहिले. ते गोंडस दिसू लागले, तेव्हा ओल्या फडक्याने पुसून टाकले. सध्या ते २४ चौकोन रिकामे आहेत. तिथला जेसो खरवडून उघडे कापड दाखवावे, असे वाटते आहे, पण आधी एका टाकाऊ कॅनव्हासवर करून पाहीन.