मात्रेच्या पोटात अडकलेली कात्री

सकाळी पाहिलं तर आदल्या दिवशी लाइव्ह केलेल्या सर्व्हिसचा ग्राफ करवतीसारखा झालेला. वर्कर, म्हणजे तिचं प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्राम, उठायचा, पडायचा, परत उठायचा. ग्राहकांच्या तक्रारी रांगेतून उचलायच्या आणि सपोर्टच्या यादीसाठी प्रत्येकीचे पहिले ४० बाइट कापून द्यायचे, एवढंच तिचं काम. सी प्लस प्लसमधला जुना प्रोग्राम ते वर्षानुवर्षं मुकाट्याने करत होता. तो रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहायचा हट्ट माझा.

टीम लीडने खुर्ची वळवली. "लिनक्सच्या कर्नलमध्ये गेली ना गं तुझी ही भाषा? आणि आपल्याकडे चाळीस बाइट कापता येईनात?" डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, ६.१ आवृत्ती आली, तिच्यात रस्टला जागा मिळाली, हे मीच सगळ्यांना ऐकवलं होतं. वर "कंपाइल झालं की चाललंच समजा" हेही. मुकाट लॉग उघडला.

दर वेळी एकाच तक्रारीच्या मेसेजवर पॅनिक, म्हणजे रस्टने प्रोग्राम तिथेच थांबवणं: ‘पैसे कापले गेले पण पावती आली नाही’. एक वर्कर मेला की रांग तोच मेसेज पुढच्याच्या हातात द्यायची, की तोही आडवा. एरर मात्र नेमकी होती. बाइट इंडेक्स ४० अक्षराच्या सीमेवर नाही. तो एकाराच्या मात्रेच्या आत आहे, बाइट ३८..४१.

कागदावर मोजलं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, मात्रासुद्धा. स्पेस १ बाइटची. ‘पैसे’ १२, ‘कापले’ १५, दोन स्पेस धरून २९. ‘गेले’चे आणखी १२, म्हणजे ४१. माझी कात्री बरोबर ‘ले’च्या मात्रेत घुसली होती, दोन बाइट अलीकडे, एक पलीकडे. रस्टची स्ट्रिंग तुटकं यूटीएफ-८ ठेवूनच घेत नाही, सीमा चुकली की सरळ पॅनिक. कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला हे आधी कळणार कसं? मजकूर तर प्रोग्राम चालू असताना येतो. आणि माझ्या झाडून सगळ्या टेस्ट रोमन अक्षरांतल्या, एका अक्षराला एक बाइट. रस्टच्या अधिकृत पुस्तकात स्ट्रिंगच्या प्रकरणात चक्क ‘नमस्ते’ घेऊन त्याचे १८ बाइट मांडून दाखवलेत. ते पान मी वाचलेलं होतं, हे लीडला सांगितलं नाही.

पण मग जुना प्रोग्राम कसा पडत नव्हता? तोच मेसेज त्याला दिला. त्याने मात्रेच्या मधोमध कापला आणि तुटके बाइट पुढे ढकलून दिले. पुढच्या सर्व्हिसने त्यांच्या जागी युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकात बिघडलेल्या मजकुरासाठी ठरलेलं चिन्ह बसवलं: �. हे किती वेळा झालंय ते बघायला जुन्या फाइलींवर रिपग्रेप हे मजकूर शोधायचं टूल चालवलं. हेही रस्टमधलंच, अँड्र्यू गॅलंटचं, २०१६ पासूनचं, आणि माझ्या रोजच्या वापरातलं. उत्तर आलं शून्य! क्षणभर हायसं वाटलं. मग आठवलं, गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत, लिहिलेल्या फाइली ते आपणहून वगळतं, आणि आमचे लॉग तिथेच. तो नियम बंद करून पुन्हा चालवलं, तर ओळी थांबेनात.

दुरुस्ती सोपी वाटली: सीमा सापडेपर्यंत एकेक बाइट मागे सरकायचं. पॅनिक गेलं. स्क्रीनवर आलं ‘पैसे कापले गेल’.

"गेल? हे कुठलं मराठी?" लीड म्हणाली.

यूटीएफ-८ शुद्ध, मात्रा गायब. वाचणाऱ्याला जे एक अक्षर दिसतं, त्याला युनिकोडमध्ये ग्राफीम क्लस्टर म्हणतात, आणि तशी तोड करणारी युनिकोड-सेगमेंटेशन नावाची क्रेट, म्हणजे रस्टची तयार लायब्ररी, आहे. ती घेतली. त्यातही मेख होतीच. जुन्या नियमाने ‘नमस्ते’चे न, म, स्, ते असे चार तुकडे पडतात. २०२३ च्या युनिकोड १५.१ पासून ‘स्ते’ अखंड राहतं. क्रेटची आवृत्ती तपासून घेतली, टेस्टमध्ये जोडाक्षरं कोंबली आणि दुपारी पुन्हा लाइव्ह केलं. ग्राफ सपाट झाला.

संध्याकाळी सपोर्टमधल्या ताईंचा फोन आला. "आज ती काळी प्रश्नचिन्हं दिसत नाहीत गं. मला वाटायचं, लोक चिडून टाकतात."